परवाना आहे, चांदमारी कोठे आहे?

खंडेनवमीच्या सकाळी मालवण, कुडाळ, सावंतवाडी या भागांतील जुन्या घरांत कोयता, पारई, नांगराचा फाळ यांच्या ओळीत एखादी बंदूकही पाटावर मांडली जाते. कोणाच्या घरी आजोबांच्या काळातील ठासणीची, कोणाच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एकनळी. तिला गंधफूल वाहिले जाते, झेंडूची माळ चढते, घरातील लहानथोर हात जोडतात आणि संध्याकाळी ती पुन्हा आपल्या खुंटीवर जाते. वर्षभरात तिच्यातून किती बार निघाले, घरातील किती जणांना ती सुरक्षितपणे रिकामी करता येते, ज्याच्या नावावर परवाना आहे त्याने शेवटचा नेम कधी धरला होता, हे प्रश्न पूजेच्या पाटाजवळ कोणी विचारत नाही. शस्त्र पुजण्याची परंपरा समाजाने सांभाळली. शस्त्र शिकण्याची परंपरा मात्र हातातून निसटू दिली.

या विस्मृतीला आता बाजाराची जोड मिळाली आहे. दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेने देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. महिलांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. ज्या कष्टकरी महिलेला रात्रपाळी संपवून निर्जन रस्त्याने घरी जावे लागते, तिच्या वर्षभराच्या मिळकतीहूनही ही रक्कम अधिक भरावी! टीका झाली, आणि ती रास्त होती. पुढे ईशापूरच्या रायफल निर्माणीने 'निडर' हे .२२ बोअरचे रिव्हॉल्व्हर तयार केले. वजन अवघे २५० ग्रॅम, किंमत सुमारे ३५ हजार रुपये. १८ ऑगस्ट २०२३ रोजी 'प्रबल' आले; .३२ बोअर, ७६ मिलिमीटरची नळी आणि पन्नास मीटरवरील लक्ष्य टिपण्याचा दावा. एक लाखाचे शस्त्र पस्तीस हजारांवर आले, पल्ला वाढला, वजन घटले. नावेही पाहा: निर्भीक, निडर, प्रबल. जणू निर्भयता ही पेटीत घालून, पावती फाडून विकण्याची वस्तू आहे!

स्वस्त शस्त्र निघाले, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. स्वसंरक्षणाचा हक्क श्रीमंतांपुरता असावा, असे कोणताही न्यायी मनुष्य म्हणणार नाही. ज्या वाडीत मुले मुंबईला नोकरीला गेली आहेत आणि मोठ्या घरात वृद्ध पती-पत्नी दोघेच राहतात, ज्या काजू किंवा आंबा व्यापाऱ्याला हंगामात रोकड घेऊन घाटातून प्रवास करावा लागतो, त्यांच्या भीतीची थट्टा शहरातील सुरक्षित सदनिकांत बसून करता येणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. दुचाकी घेणारा मनुष्य ती आधी चालवून पाहतो. शिकाऊ परवाना काढतो, निरीक्षकासमोर आठचा आकडा काढून दाखवतो, मगच त्याला रस्ता मोकळा होतो. मग ज्या यंत्राच्या एका चुकीने माणूस क्षणात मरतो, ते यंत्र विकत घेण्यापूर्वी चार गोळ्या झाडून पाहण्याची सोय सामान्य नागरिकाला कोठे आहे?

चांदमारीवरचा पहिला दिवस

असे एखादे हलके, अल्पमोली रिव्हॉल्व्हर घेऊन नवशिका मनुष्य चांदमारीवर उभा राहतो, तेव्हा पहिल्या तासात काय घडते, हे पाहण्यासारखे असते. जाणता प्रशिक्षक प्रथम त्याला गोळी देतच नाही. शस्त्र नेहमी भरलेलेच आहे असे समजायचे, नळी कधीही माणसाकडे वळू द्यायची नाही, लक्ष्यावर दृष्टी स्थिर होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे, गोळी सुटलीच नाही तरी नळी समोरच धरून काही काळ थांबायचे, हे नियम तो त्याच्याकडून घोकून घेतो. चित्रपटांत पाहिलेला रुबाब येथेच अर्धा गळून पडतो.

मग पहिली गोळी सुटते आणि दुसरा भ्रम दूर होतो. घोडा मागे नेणे आणि सोडणे ही दोन्ही कामे ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये चापाच्या एकाच ओढीत होतात, त्याचा चाप जड असतो. शस्त्राचे वजन पाव किलो आणि चाप ओढण्यास लागणारा जोर त्याच्या कित्येक पट! बोटाने चाप मागे येण्याऐवजी शस्त्रच हलते. खिशाला सोयीचा असलेला हलकेपणा हाताला गैरसोयीचा ठरतो, हे दुकानाच्या काचेपलीकडून कळत नाही. ऑलिंपिक स्पर्धेतील २५ मीटर पिस्तुलाचे वजन नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत चालते आणि त्याच्या चापाला किमान एक किलोचा जोर लागावा, असा दंडक आहे. जड शस्त्र आणि त्या मानाने हलका चाप, हे नेमाचे गणित आहे. स्वस्त खिशातल्या शस्त्रात ते नेमके उलटे होते.

तिसरी गोष्ट भूमितीची. नळीच्या टोकावरील माशी आणि मागची खाच यांत समजा दहा सेंटिमीटरचे अंतर आहे. त्या दोहोंच्या जुळणीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर चुकते आणि पन्नास मीटरवर तब्बल अर्धा मीटर. पन्नास मीटरचा पल्ला पोलादाचा असतो. माणसाच्या हाताचा पल्ला सरावाने ठरतो. ज्याने कधी सात मीटरवरील कागद भेदला नाही, त्याला पन्नास मीटरचे शस्त्र देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खोल समुद्राचा नकाशा देण्यासारखे आहे.

यानंतर प्रशिक्षक एक साधी युक्ती करतो. गोळ्यांच्या फिरत्या चक्रात जिवंत काडतुसांबरोबर एखादी वापरलेली पुंगळी, शिकणाऱ्याला न सांगता, घालून ठेवतो. तिची पाळी आली की आवाज होत नाही, पण शिकणाऱ्याचा हात मात्र खाली झुकलेला स्पष्ट दिसतो. धडाका होणार, या धास्तीने शरीर आधीच दचकलेले असते. चोर समोर नाही, अंधार नाही, घरातील मूल रडत नाही. समोर आहे तो निरुपद्रवी कागद. तरीही हात दचकतो. मग प्रत्यक्ष संकटाच्या क्षणी, काळोखात, थरथरत्या हाताने हाच मनुष्य काय करील? बहुधा त्याचे शस्त्र त्याच्याच विरुद्ध वापरले जाईल, किंवा गोळी भिंतीपलीकडे निजलेल्या आप्ताला लागेल. हे ज्ञान कोणत्याही माहितीपत्रकात नसते. ते चांदमारीवरच मिळते, आणि शेकडो काडतुसे खर्ची पडल्यावर मिळते. परवान्यावर मात्र वर्षभरात किती काडतुसे घ्यावयाची, याची मर्यादा लिहिलेली असते. सराव किती करावयाचा, याचा त्यावर उल्लेख नसतो.

कायदा चारित्र्य पाहतो, हात पाहत नाही

या दुरवस्थेचे मूळ शोधू गेल्यास ते १८७८ पर्यंत मागे जाते. लॉर्ड लिटनच्या राजवटीत झालेल्या त्या वर्षीच्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानातील प्रजेला निःशस्त्र केले आणि युरोपीयांना मात्र मोकळीक दिली. या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ठराव केला होता. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क म्हणून नोंदवला गेला. पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तसा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, पण ती स्वीकारली गेली नाही. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद आज उकरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा हा मुख्यतः परवान्याचा कायदा झाला. अर्जदार कोण आहे, त्याच्यावर गुन्हा आहे काय, त्याला शस्त्राची गरज काय, याची चौकशी पोलीस पाटलापासून जिल्हादंडाधिकाऱ्यापर्यंत होते. ती आवश्यकच आहे. परंतु कागदावर निर्दोष असलेला हा गृहस्थ हातातील शस्त्र निर्दोषपणे हाताळू शकतो काय, हे कोण पाहणार?

शस्त्र नियम २०१६ ने या प्रश्नाची दखल घेतली, हे मान्य केले पाहिजे. अर्जदाराने शस्त्र व दारूगोळा यांच्या सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे, अशी अट त्यात आली. पण नियम राजपत्रात छापल्याने मैदान तयार होत नाही, लक्ष्यामागचा मातीचा बांध उभा राहत नाही आणि प्रशिक्षक आकाशातून उतरत नाही. ज्या गोष्टीची अट घालावयाची, तिची सोय तालुक्यातालुक्यांत आधी उभी करावयाची, ही साधी प्रशासकीय नीती आहे. ती पाळली गेली नाही तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही अर्जाला जोडावयाची आणखी एक झेरॉक्स होऊन बसते.

मावळंकरांचा विसर

आश्चर्य असे की, ही दृष्टी स्वतंत्र भारताच्या पहिल्याच पिढीतील एका नेत्याला होती, आणि तो नेता मूळचा कोकणचा होता. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. मालवणचा किनाराही त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. अहमदाबादेत गांधीजी आणि सरदार पटेल यांच्या सहवासात वाढलेल्या या सत्याग्रही वकिलाने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि तिचे पहिले अध्यक्षपदही भूषविले. अहिंसेचा व्रतस्थ अनुयायी नेमबाजीच्या संघटनेचा संस्थापक कसा, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यांनाच पडेल. शिस्तीविना हातात आलेले शस्त्र हिंसा वाढवते. शिस्तीने शिकलेले शस्त्र संयम शिकवते. मावळंकरांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा देशात होते. पण त्यांच्या पूर्वजांच्या कोकणात, हाताशी बंदूक असलेल्या सामान्य शेतकऱ्यापर्यंत त्यांचा हा विचार पोहोचला आहे काय?

सिंधुदुर्गातील शेतीसंरक्षक बंदूक हा विनोदाचा विषय नाही. भातात उतरणारे रानडुक्कर, नारळ आणि काजूची नासधूस करणारी माकडे, बागेत शिरणारा गवा, दोडामार्गात कर्नाटकातून आलेले हत्ती, या साऱ्यांनी येथील शेती जेरीस आणली आहे. हत्तीपुढे बंदूक उपयोगाची नाही आणि वन्यजीव कायदा १९७२ च्या चौकटीबाहेर तिचा वापर करताही येत नाही. बहुतेकदा हवेत काढलेला बार हाच तिचा उपयोग. तरीही रात्री राखणीला जाणाऱ्याच्या खांद्यावर ती असते. अशा वेळी काय घडते? झाडीत हललेली सावली डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या कोकणातील वृत्तपत्रांत अधूनमधून येतच असतात. ठासलेली बंदूक साफ करताना, कुंपण ओलांडताना, अंगणात ठेवताना उडते. यातील बहुतेक अपघात दुष्टाव्याचे नसतात, अज्ञानाचे असतात. लक्ष्य ओळखल्याविना चापावर बोट न्यायचे नाही, कुंपण ओलांडताना बंदूक आधी रिकामी करायची, ही चांदमारीवर पहिल्या तासात शिकवली जाणारी दोन वाक्ये कित्येकांचे प्राण वाचवू शकली असती.

आणि शासनाला या बंदुकीची आठवण केव्हा होते? निवडणूक जाहीर झाल्यावर! आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका जमा करण्याच्या सूचना निघतात आणि ऐन हंगामात शेतकरी पोलीस ठाण्यासमोर रांगेत उभा राहतो. तेरेखोल खाडीपलीकडच्या गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच बजावले होते की, सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करणे योग्य नव्हे. छाननी समितीने व्यक्तीगणिक विचार करून निर्णय घ्यावा. बंदूक जमा करून घेण्याची यंत्रणा गावोगाव पोहोचते, मग ती चालवण्यास शिकवणारी यंत्रणा का पोहोचू नये? नागरिकाकडे केवळ संशयित म्हणून पाहण्याची लिटनशाही वृत्ती आणखी किती काळ जोपासावयाची?

आक्षेपकांना उत्तर

या मागणीवर ठरावीक आक्षेप घेतले जातील. चांदमारीची मैदाने काढली की अमेरिकेसारखे गोळीबार होतील, असे म्हटले जाईल. परंतु येथे परवाने सैल करण्याची मागणी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नवरातीत उत्साहाने गोळीबार करणाऱ्याला शिक्षा ठेवली, हे योग्यच झाले. मागणी आहे ती आधीच दिलेल्या आणि यापुढे दिल्या जाणाऱ्या परवान्यांना शिक्षणाची जोड देण्याची. स्वित्झर्लंडमध्ये घरी लष्करी रायफल बाळगणाऱ्या नागरी सैनिकाला ठरावीक नेमबाजी दरवर्षी करून दाखवावी लागते. शस्त्राची भीती शस्त्राच्या अज्ञानाने वाढते, ज्ञानाने नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, रक्षण हे पोलिसांचे काम आहे, नागरिकांनी त्यात पडू नये. पोलिसांचे कर्तव्य कोणी नाकारत नाही. पण भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ नागरिकाला स्वसंरक्षणाचा अधिकार देतात. तो कायद्याने दिलेला आहे, कोणी बळकावलेला नाही. आणि सरावाचे म्हणाल, तर २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने खुद्द पोलिसांच्या गोळीबार सरावातील उणिवांवर बोट ठेवले होते. ज्यांच्या हाती राज्याचे शस्त्र आहे, त्यांनाही सरावाशिवाय चालत नाही. मग वर्षातून एकदा झेंडूची माळ घालणाऱ्याचे कसे चालेल?

शेजारी काय करतात

सिंधुदुर्गाने दूर पाहण्याचेही कारण नाही. फोंडा घाट चढला की राधानगरी तालुका लागतो. त्याच तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. घाटावर जे घडू शकते, ते घाटाखाली का घडू नये? सावंतवाडीच्या परिसरात एअर रायफल व एअर पिस्तुलाचे शिक्षण खासगी प्रयत्नांतून चालते, ते कौतुकास्पद आहे. दहा मीटरवरील एअर पिस्तुलाच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते. ते भेदण्यासाठी श्वास, दृष्टी आणि मन एकाच वेळी आवरावे लागते. हा संस्कार स्पर्धकापुरता न राहता परवानाधारकापर्यंत गेला पाहिजे.

आणखी दक्षिणेला गेल्यास कोडगू लागते. तेथील कोडव समाजाला शस्त्र परवान्यातून पिढ्यान्पिढ्या सूट आहे आणि केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. त्यांच्या कैलपोळ्द या सणात शेतीची अवजारे आणि बंदुका यांची एकत्र पूजा होते, अगदी कोकणातील खंडेनवमीसारखी. फरक इतकाच की, पूजा आटोपली की कोडव माणूस बंदूक खुंटीला टांगत नाही. झाडावर उंच बांधलेल्या नारळावर सर्वांसमक्ष नेम धरण्याची स्पर्धा लागते. नारळ मालवणला कमी आहेत काय?

करावयाचे काय?

पहिली गोष्ट शासनाने करावी. परवाना देण्यापूर्वी आणि दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करताना चांदमारीवरील प्रत्यक्ष चाचणी आवश्यक करावी. पण त्याआधी पोलीस दलाच्या मैदानांवर महिन्यातील एखादा दिवस नागरिकांसाठी राखून ठेवावा. अर्जदाराला शस्त्र विकत घेण्याआधी विविध बनावटींची शस्त्रे तेथेच, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, झाडून पाहता यावीत. पस्तीस हजारांचे शस्त्र आपल्या हाताला पेलते की नाही, हे त्याला पैसे मोजण्यापूर्वी कळावे. आणि शस्त्र आपल्याकरिता नाहीच, असे एखाद्याला तेथे उमगले, तर तेही त्या मैदानाचे यशच मानावे. काडतुसे तर पुण्याजवळ खडकीलाच तयार होतात. मैदानावरच वापरण्याच्या अटीवर सरावाची काडतुसे माफक दरात आणि परवान्याच्या मर्यादेबाहेर मिळावीत.

दुसरी गोष्ट समाजाने करावी. सिंधुदुर्गातील गावागावांत माजी सैनिक आहेत. आयुष्यभर शस्त्राची शिस्त पाळलेली ही माणसे आज निवृत्तीवेतनाच्या रांगेत उभी आहेत. त्यांना प्रशिक्षकाचा मान द्यावा. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय उभे केले, तेव्हा परकी सत्ता डोक्यावर होती. आज स्वतःचे राज्य असताना एका तालुक्याला एक मातीचा बांध आणि एक प्रशिक्षक उभा करता येऊ नये? विजयादशमीला शस्त्रपूजन करणाऱ्या संस्थांनी तर हा प्रश्न प्रथम स्वतःलाच विचारावा. ज्याची पूजा करावयाची त्याचे शास्त्र अवगत नसेल, तर ती पूजा उपचार ठरते.

मालवणसमोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ मध्ये त्याचा पाया घालणाऱ्या शिवछत्रपतींनी केवळ दगड रचले नाहीत; त्या तटावर उभी राहणारी माणसे तयार केली. तटावरची तोफ गोलंदाजाशिवाय लोखंडाचा ओंडका असते, हे ते जाणून होते. पस्तीस हजारांचे असो वा सव्वा लाखाचे, शिकलेल्या हाताशिवाय शस्त्र ओंडकाच आहे. उलट भरलेला असल्यामुळे अधिक घातक. पुढच्या खंडेनवमीला पाटावरील बंदुकीला माळ अवश्य घालावी. पण दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सीमोल्लंघनास निघताना पावले चांदमारीच्या मैदानाकडे वळावीत, आणि ते मैदान नसेल तर ते मागण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे वळावीत. निडर हे नाव शस्त्रावर कोरण्याआधी ते माणसाला शोभले पाहिजे.